टोकन, बिल्ले आणि स्मृतिपदकं : सोलापुरात राहून संग्रह कसा उभा करावा

माझ्या टेबलावर पितळेचा एक गोल तुकडा आहे. वरच्या बाजूला भोक, मधोमध 1147 हा आकडा. चारही अंक वेगवेगळ्या पंचानं हातानं ठोकलेले, त्यातला 7 जरा खाली घसरलेला. भोकाची वरची कड झिजून पातळ झाली आहे, कारण वर्षानुवर्षं हा तुकडा खिळ्याला लटकत होता. मागची बाजू कोरी. गिरणीचं नाव नाही, साल नाही.

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका मोडीच्या दुकानात, तुटक्या नळांच्या आणि समयांच्या ढिगात तो मला दिसला. दुकानदारानं तो तागडीत टाकला आणि विचारलं, "काय करलालास हे घेऊन?" पितळेच्या भावात तो मला मिळाला. ढीग कुठून आला ते मी विचारलं, त्यानं घर सांगितलं आणि त्याच संध्याकाळी मी तिथे गेलो. एका मावशींनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचा आहे हा. जुन्या मिलला कांडीखात्यात होत्या. आधी बदली, मग कायम झाल्या." ती दोन वाक्यं मी घरी येताच वहीत उतरवली. त्या दिवसापासून माझा नियम ठरला : वस्तू हातात आली की त्याच दिवशी तिची हकिकत लिहायची. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच नियमाभोवती आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

घरात सापडलेल्या प्रत्येक गोल धातूला आपण नाणं म्हणतो. संग्रह करायचा तर चार गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

नाणं सरकार काढतं आणि त्यावर लिहिलेली किंमत व्यवहारात चालते. 1999 सालचं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं स्मारक नाणं आहे, पदक नव्हे. पदक एखाद्या प्रसंगाची, व्यक्तीची किंवा कामगिरीची आठवण म्हणून पाडलं जातं आणि बाजारात त्यानं काही विकत घेता येत नाही. ते छातीवर लावायचं असेल तर वर कडी किंवा आडवी पट्टी असते, नसेल तर ते डबीत ठेवायचं. बिल्ला ओळख सांगतो : हमालाचा, चपराशाचा, टांगेवाल्याचा, सायकलचा, स्वयंसेवकाचा. टोकन काहीतरी मिळवून देतं किंवा मोजून देतं : कँटीनचा चहा, गिरणीतली हजेरी, दुकानातले सुटे पैसे.

आपल्याकडे पाचवी गोष्टही यात मिसळते, ती म्हणजे देवाचे टाक. टाक हा पत्र्यावर उठाव काढून केलेला असतो, त्यामुळे त्याची मागची बाजू खोलगट दिसते. पदक दोन ठशांमध्ये दाबून काढतात, म्हणून दोन्ही बाजू भरीव. कुणाच्या देव्हाऱ्यातला टाक संग्रहासाठी मागू नका. तो त्या घराचा देव आहे.

पहिलं पाऊल : एकच विषय धरा

"जुनं सगळं गोळा करतो" म्हणणाऱ्याकडे पाच वर्षांनी फक्त डबे उरतात. सुरुवातीला विषय एक आणि तोही पायी जाता येईल इतका जवळचा असावा. सोलापूरकराला यात तोटा नाही.

माझी पहिली शिफारस गिरण्यांच्या टोकनांची. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल, 1877 ची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल अशी रांग लागली. हजारो माणसं रोज फाटकातून आत जायची, म्हणून हजेरीची टोकनंही ढिगानं पाडली गेली. ती स्वस्त असतात, नकली कुणी करत नाही, आणि ज्यांनी ती वापरली त्यांची मुलं-सुना अजून गावात आहेत. शेवटचं कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं.

दुसरा विषय रेल्वेचा. सोलापूरला 1860 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली. होटगीहून गदगकडे जाणारा मीटर गेजचा रस्ता मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होता, आणि कुर्डुवाडीहून बार्शीची अडीच फुटी गाडी 1897 पासून धावत होती. तिन्ही कंपन्यांच्या आद्याक्षरांचे बिल्ले आणि बटणं या भागात निघतात. इथे एक सावधगिरी हवी. एकेरी मार्गावर गाडीला पुढे जाण्याची परवानगी म्हणून ड्रायव्हरच्या हाती दिला जाणारा गोळा किंवा चकती ही रेल्वेची मालमत्ता आहे. 1966 च्या कायद्यानुसार रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. रेल्वेच्या अधिकृत लिलावाची पावती सोबत नसेल तर अशी वस्तू कितीही देखणी असली तरी हात लावू नका.

तिसरा विषय पहिल्या महायुद्धाच्या पदकांचा. त्याच्याकडे खाली सविस्तर येतो. शाळांची पदकं, कुस्तीच्या फडातली पदकं, यात्रेतल्या स्वयंसेवकांचे बिल्ले हेही उत्तम विषय आहेत. यांपैकी कुठलाही घ्या, पण वर्षभर तरी त्यालाच धरून राहा.

दुसरं पाऊल : सामान

फार काही लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं सराफी भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, एक साधं चुंबक, सुती हातमोजे आणि जाड पुठ्ठ्याची रेघांची वही. सगळं सराफ बाजारात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. कॅलिपरला प्लास्टिकचे जबडे असतील तर बरं, पोलादी जबडा चांदीवर चरा पाडतो.

तिसरं पाऊल : कुठे शोधायचं

सराफांकडे चांदीची मोड येते, त्यात अधूनमधून पदक असतं. त्यांच्या हिशेबी ते वितळवायची चांदी असतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि सांगून ठेवायचं : "शेठ, अक्षरं असलेलं काही आलं तर मुशीत टाकण्याआधी मला एक फोन करा." चांदीच्या भावावर थोडं जास्त द्यायची तयारी ठेवा. घासाघीस करून पन्नास रुपये वाचवलेत तर पुढचा फोन येत नाही.

तांब्या-पितळेची मोड घेणारे, भंगारवाले आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया यांच्याशी ओळख ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत फिरताना नव्या खेळण्यांच्या पालांपेक्षा जुनं लोखंड-पितळ मांडून बसलेल्या माणसाकडे लक्ष असू द्या. पुण्याला गेलात तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार धुंडाळा. नाण्यांच्या प्रदर्शनांत विक्रेते भरपूर भेटतात, पण तिथे भाव आधीच वर गेलेले असतात. मुंबई, अहमदाबाद, बंगळूरुच्या लिलाव कंपन्यांची सूचीपत्रं मात्र वाचत राहा, घ्यायचं नसलं तरी. चांगल्या छायाचित्रांसोबत वजन, व्यास आणि मिळालेला भाव कळतो. लिलावात बोली लावणार असाल तर बोलीवर कंपनीचं कमिशन आणि जीएसटी वेगळा चढतो, तो आधी धरून आपली मर्यादा कागदावर लिहा.

आणि सगळ्यात आधी स्वतःच्या घरची ट्रंक उघडा. मग मामाची.

चौथं पाऊल : काळ ठरवणं

यात खरी गंमत आहे. टोकनावर साल क्वचितच असतं, पण इतर खुणा बोलतात.

किंमत "आणे" मध्ये असेल तर वस्तू 1 एप्रिल 1957 च्या आधीच्या पद्धतीची. "न. पै." किंवा "नये पैसे" असेल तर 1957 ते 1964 च्या दरम्यानची, कारण 1964 मध्ये "नये" हा शब्द गेला. एवढ्या एका शब्दानं कँटीनच्या टोकनाचा काळ सात वर्षांत बसवता येतो. गावाचं इंग्रजी नाव "एस" नंतर "एच" घालून शोलापूर असं लिहिलेलं असेल तर ते जुनं वळण. "नगरपालिका" असेल तर 1964 च्या आधीचं, कारण त्या वर्षी महानगरपालिका झाली. "जी. आय. पी." अक्षरं असतील तर 1951 च्या आधीचं, कारण तेव्हा ती कंपनी मध्य रेल्वेत गेली. बार्शी लाइट रेल्वे सरकारनं 1954 मध्ये घेतली, म्हणून "बी. एल. आर." त्याआधीचं. यात थोडी ढील ठेवावी लागते, कारण जुने बिल्ले कंपनी बदलल्यावरही काही वर्षं वापरात राहायचे.

साल असेल तर ते कुठल्या गणनेतलं ते पाहा. शकात 78 मिळवा. विक्रम संवतातून 57 वजा करा. आपल्या सीमेपलीकडे तुळजापूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) निजामाचं राज्य होतं, तिकडच्या वस्तूंवर फसली साल येतं, त्यात 590 मिळवा. हिजरी सालाला 0.97 नं गुणून 622 मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकानं उत्तर मिळतं : हिजरी 1329 म्हणजे 1911.

अक्षरं वाचता आली नाहीत तर सोलापूरसारखं गाव नाही. तेलुगू असेल तर पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराच्या घरी वाचून मिळतं. कन्नड वाचणारे बाळीवेशीत भेटतील, उर्दू वाचणारे शाळामास्तर गल्लोगल्ली आहेत. मोडी मात्र स्वतः शिका. दोन-तीन महिने रोज अर्धा तास दिलात तर छोटा मजकूर लागायला लागतो. झिजलेली अक्षरं दिसत नसतील तर पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी बाजूनं, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. सपाट वाटणाऱ्या धातूतून अक्षरं सावलीसारखी वर येतात.

पाचवं पाऊल : खरं की नकली

आधी ठशाचं आणि ओतीव काम ओळखायला शिका. ठशानं पाडलेल्या पदकाची अक्षरं धारदार असतात, त्यांची मुळं जमिनीला, म्हणजे अक्षरांमागच्या सपाट भागाला, स्वच्छ टेकतात. ओतीव नकलेत अक्षरं साबणासारखी गोल होतात, जमिनीवर भिंगातून सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा सापडतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून अस्सलवरून साचा घेतलेली नक्कल थोडी लहान भरते. व्यास मोजायचा तो यासाठी.

धातू तपासायला चुंबक पहिलं. चांदी, तांबं, पितळ, अॅल्युमिनियम चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे. यानंतरची परीक्षा घरच्या घरी होते आणि तिनं माझे बरेच पैसे वाचवले आहेत. पदक आधी कोरडं तोला. समजा 27.90 ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पदकाला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला-काठाला लागणार नाही असं हातानं लटकवा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागा. 2.70 आला तर उत्तर 10.33, म्हणजे पदकाच्या नेहमीच्या चांदीजवळ. शुद्ध चांदीचं उत्तर 10.49 येतं. 3.28 आला तर उत्तर साडेआठ, म्हणजे आत पितळ आणि वर मुलामा. अंगावर हवेचे बुडबुडे राहिले तर आकडा चुकतो, ते दोऱ्याला हलका झटका देऊन घालवा. कडी मागाहून झाळून लावलेली असेल तर उत्तर थोडं इकडेतिकडे होतं.

काही वस्तूंना मात्र काटाही लागत नाही. राम, लक्ष्मण, सीता, हनुमान एका बाजूला आणि "ईस्ट इंडिया कंपनी, 1818" दुसऱ्या बाजूला असलेलं "नाणं" तुम्हाला हमखास कुणीतरी दाखवेल. कंपनी सरकारनं असं नाणं कधीही पाडलं नाही. ते अलीकडचं बनावट टोकन आहे. देवळांत पूजेसाठी विकली जाणारी रामटंका ही खरी परंपरा आहे, पण त्यांवरची सालंही बहुतेक वेळा कल्पनेतली असतात. श्रद्धेनं घरात ठेवलेल्या माणसाला हे सांगताना आवाज मऊ ठेवा. तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं नाणं लाखोंना घेतो म्हणणारा मात्र सरळ फसवणारा आहे. जुन्या नाण्यांच्या बदल्यात लाखो देऊ, आधी "शुल्क" भरा, असे फोन रिझर्व्ह बँकेच्या नावानंही येतात. असा कोणताही व्यवहार आपण करत नाही, हे बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे. आई-वडिलांना हे वेळीच सांगून ठेवा.

युद्धाची पदकं : कडेवरचं नाव

1911 च्या दिल्ली दरबारची पदकं, राज्यारोहणाच्या वेळी शाळेत मुलांना वाटलेली पांढऱ्या धातूची स्वस्त पदकं, 1935 च्या रौप्यमहोत्सवाची, अशी ब्रिटिश काळातली बरीच पदकं फिरत असतात. पण माझं मन अडकतं ते 1914-18 च्या ब्रिटिश वॉर मेडलवर. चांदीचं, सुमारे 36 मिलिमीटरचं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि टापांखाली गरुडाची ढाल. हेच पदक ब्राँझमध्येही निघालं, ते प्रामुख्यानं मजूर तुकड्यांतल्या लोकांना मिळालं आणि चांदीच्यापेक्षा बरंच दुर्मीळ आहे. चांदी नाही म्हणून ते टाकून देऊ नका.

पदकाची कड उन्हात फिरवा. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. "मराठाज" शब्दाआधी 103, 110 किंवा 117 असा आकडा दिसला तर थांबा. या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या, आणि 29 एप्रिल 1916 ला कुट-अल-अमारा इथे उपासमारीनं थकलेल्या ज्या फौजेनं शरणागती पत्करली तिच्यात या होत्या. 1922 च्या फेररचनेत पलटणींचे जुने आकडे गेले. कडेवरचं नाव राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) संकेतस्थळावर शोधा. शिपाई युद्धात कामी आला असेल तर नोंद आणि स्मारकाचं ठिकाण मिळू शकतं. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत "या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले" अशी शिळा आहे, तीही पाहून या.

कड घासून नाव पुसलेलं पदक मिळालं तर त्याची किंमत जवळपास चांदीएवढीच उरते. आणि नाव शाबूत असेल, घराणं सापडलं, त्यांना ते परत हवं असेल, तर दिलेल्या किमतीत परत द्या. मी दोनदा दिलं आहे. छायाचित्र आणि नोंद माझ्याकडे राहिली, संग्रहाला तेवढं पुरतं.

कायद्याचं थोडक्यात : शंभर वर्षं ओलांडलेल्या ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्या खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धातली पदकं आता या मर्यादेत आली आहेत, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअर करू नका. शेत नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सहावं पाऊल : सांभाळणं

घासू नका. माझं दुसरं टोकन मी चिंच-मिठानं चकचकीत केलं होतं. हाताखालून काळपट तपकिरी थर निघून गेला, अंकांच्या कडा बोथट झाल्या आणि आज ते काल बनवल्यासारखं दिसतं. तो थर बसायला साठ-सत्तर वर्षं लागली असतील. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन दिवस भिजत ठेवा, रोज पाणी बदला, मऊ सुती कापडानं टिपा, पुसू नका. तेलकटपणा असेल तर शुद्ध अॅसिटोन, खिडकी उघडी ठेवून. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर ती वस्तू लगेच इतरांपासून वेगळी करून कोरडी ठेवा. हा धातूचा रोग आहे आणि ओलाव्यात तो वाढतो. घट्ट, गडद हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो.

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत. पीव्हीसी काही वर्षांत चिकट हिरवा द्रव सोडतो. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा आम्लरहित कागदाचे लिफाफे घ्या. रबर बँड आणि वर्तमानपत्र यांच्याजवळ चांदी काळी पडते. कोकणच्या मानानं आपली कोरडी हवा धातूला चांगली मानवते. आपला शत्रू वेगळाच आहे : एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आपण पाण्याचा कूलर लावतो आणि बंद खोलीत पावसाळ्याइतका दमटपणा करतो. संग्रहाचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनच्या सुरुवातीला बदला.

सातवं पाऊल : वही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, तो लिफाफ्यावर लिहा, वस्तूवर कधीच नाही. वहीत वजन, व्यास, जाडी, धातू, दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा (चुका आणि तुटलेल्या अक्षरांसकट), कुठून, कधी, किती रुपयांना. दोन्ही बाजू आणि कड यांचं छायाचित्र काळ्या कापडावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा. त्याखाली अर्धं पान हकिकतीसाठी मोकळं सोडा. माणूस बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. "कांडीखात्यात होत्या" या जागी "वाइंडिंग विभागात कार्यरत" असं लिहिलंत तर मावशींचा आवाज गेला. विकणारा म्हणाला ते आणि तुम्ही स्वतः ताडून पाहिलं ते वेगळ्या शाईत ठेवा. कुणाचा पत्ता-फोन वहीत असेल तर ती वही समाजमाध्यमांवर दाखवू नका.

घरातल्या एका तरी माणसाला ही वही कुठे असते आणि ती कशी वाचायची ते दाखवून ठेवा. मोडीच्या दुकानात मला भेटलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच, सांभाळणारा माणूस गेल्यावर घरच्यांनी न ओळखून दिलेल्या होत्या.

आणखी एक काम आजच सुरू करता येईल. जुनं शोधताना नवं हातातून सुटतं. शाळेचा शतकमहोत्सव, मॅरेथॉन, व्याख्यानमाला, बँकेचा अमृतमहोत्सव : दरवर्षी गावात पदकं आणि बिल्ले निघतात आणि वर्षभरात कचऱ्यात जातात. ती निमंत्रणपत्रिकेसह ठेवा. सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉ नंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. 2031 च्या जानेवारीत त्याला शंभर वर्षं होतील. तेव्हा गावात जो बिल्ला निघेल, मग तो पत्र्याचा असो नाहीतर पुठ्ठ्याचा, तो दोन प्रतींत घ्या. एक लिफाफ्यात ठेवा, दुसरा त्या दिवशी छातीवर लावून चार हुतात्मा चौकात जा, आणि कुठे, कुणी, कसा दिला ते रात्री वहीत लिहा.